इसार आणि ईसार

मी मराठीही शिकवतो आणि उर्दूही, त्यामुळे काही शब्द माझ्या डोक्यात कायम शेजारी-शेजारी राहतात. मराठीत ‘इसार’ म्हणजे घर किंवा जमीन घ्यायचे ठरले की सौदा पक्का करण्यासाठी आधी द्यायची रक्कम. तिची पावती होते, ती ‘इसारपावती’. उर्दूत ‘ईसार’ म्हणजे स्वतःची गरज मागे ठेवून दुसऱ्याची गरज आधी भागवणे. दोन्ही शब्दांचे मूळ एक आहे असा माझा दावा नाही. पण मागची तीन वर्षे आमच्या घरात हे दोन शब्द एकाच वहीत नांदत होते, म्हणून हा लेख.

पेठमध्ये आम्ही इतकी वर्षे भाड्याने राहिलो. तीन वर्षांपूर्वी एक जुने, दोन खोल्यांचे घर विकायचे आहे असे कळले. किंमत १४ लाख. घरमालक ओळखीचे. ते म्हणाले, “गुरुजी, घाई नाही. पण तुमचा स्वतःचा वाटा हाताशी आला की या.” त्या वाट्याचा आकडा आम्ही साडेतीन लाख ठरवला. त्या दिवशी बायकोने दोनशे पानी वही आणली आणि हिशेब सुरू झाला.

इतिहासाचा वाचक म्हणून मला तेव्हा एक प्रश्न पडला. आपल्याकडच्या साध्या माणसाने घरासाठी पैसे कसे साठवले, याचा इतिहास कुठे लिहिलेला आहे?

कर्जाची नोंद राहते

कर्जाचा इतिहास भरपूर सापडतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. ते कागद रस्त्यावर आणून जाळले गेले. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कोणी किती घेतले, किती व्याज लागले, जमीन कशी गेली, हे सगळे आज वाचायला मिळते, कारण कर्ज देणारा कागद करतो. शेतकऱ्यांनाही ते ठाऊक होते, म्हणून त्यांनी कागदच जाळले.

शंभर वर्षांनंतरही गोष्ट फारशी वेगळी नाही. घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली मुंबईत उभी केली. तिचे पहिले कर्ज मालाडमधल्या एका घरासाठी होते. घर सुमारे ७० हजारांचे आणि कर्ज त्याच्या निम्म्याच्या पुढे गेलेले नव्हते. या कर्जाची आठवण आजही सांगितली जाते. उरलेले पैसे त्या कुटुंबाने कुठून आणले, काय विकले, कोणत्या सणाला नवे कपडे घेतले नाहीत, हे कोणी सांगत नाही.

आजही नियम तोच प्रश्न विचारतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा. जुन्या घराचे कागद सगळे जागेवर नसले तर हात आणखी आखडतो. म्हणजे घराची सुरुवात बँकेच्या दारात होत नाही, ती त्याच्या आधी कित्येक महिने स्वयंपाकघरात झालेली असते.

पेठ, १८७८

आमच्या पेठला या प्रश्नाचा स्वतःचा इतिहास आहे. पेठ हे मुस्लिम घराण्याचे छोटे संस्थान होते. शेवटच्या बेगमचे निधन १८७८ साली झाले आणि संस्थान संपून पेठ नाशिक जिल्ह्यातला एक तालुका झाला. त्याच साली भारतीय वन कायदाही आला आणि राखीव जंगलाच्या हद्दी पक्क्या होऊ लागल्या.

या दोन घटनांचा घराशी काय संबंध? आमच्या डोंगरातले घर पिढ्यान् पिढ्या जंगलातून उभे राहत आले. सागाचे किंवा ऐनाचे खांब, कारवीच्या कुडाच्या भिंती, वर माती आणि शेण यांचा गिलावा, गवताचे नाहीतर कौलांचे छप्पर. कोकणा, महादेव कोळी, वारली अशा समाजांत घर बांधायला शेजारीपाजारी येत. ज्याचे घर तो जेवण घाली, आणि उद्या दुसऱ्याच्या घरी स्वतः जाई. इथे इसार द्यायचा तो श्रमाचा होता. लाकूड हक्काचे न राहता परवानगीचे झाले, पुढे सिमेंट, पत्रा आणि लोखंड आले, तसे घराला रोख पैसे लागू लागले.

रोख पैसा या तालुक्यात मजुरीतून येतो. भाताची कापणी झाली की माणसे दिंडोरी आणि नाशिककडे द्राक्षबागांत, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. बऱ्याच जणांनी जाण्याआधीच मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. उचल म्हणजे पुढच्या श्रमावर आज घेतलेले पैसे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी इसार आणि उचल यांतला फरक विचारतो, तेव्हा मराठीचा तास अर्थशास्त्राचा होतो. एक मुलगा म्हणाला होता, “सर, इसार देणारा मालक होतो आणि उचल घेणारा बांधला जातो.” याहून चांगली व्याख्या मला देता आली नसती.

पैसे ठेवायचे कुठे?

सामान्य माणसासाठी सरकारी बचतीची सोय देशभर झाली ती १ एप्रिल १८८२ पासून, पोस्टाच्या बचत बँकेने. लहान रक्कम, पासबुक आणि ओळखीचा पोस्टमन. आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पोस्टाच्या तिकिटांबरोबर बचतपत्रेही छापली गेली. देशभरच्या शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या ट्रंकेत जपून ठेवलेला तो कागद आमच्या जिल्ह्यातून गेलेला असे.

मुसलमान घरांत मात्र पासबुकाबरोबर सूद म्हणजे व्याज हा प्रश्नही आला. तो आपल्याकडेच होता असे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तच्या पोस्टाने बचत योजना काढली, तेव्हा अनेक ठेवीदारांनी पैसे ठेवले आणि व्याज घ्यायला नकार दिला. मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांच्यापर्यंत तो विषय गेला. पुढे १९६३ साली इजिप्तमधल्याच मीत गम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक सुरू केली. जर्मनीत शिकताना त्यांनी तिथल्या गावोगावच्या बचत बँका पाहिल्या होत्या. मीत गम्रचा प्रयोग काही वर्षांतच बंद पडला, पण आज ज्याला इस्लामी बँकिंग म्हणतात त्याच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण तिथून करतात.

त्याच १९६३ साली मलेशियात हज यात्रेकरूंसाठी बचत संस्था सुरू झाली. तिची कल्पना उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने १९५९ साली मांडली होती. खेड्यातली माणसे हजसाठी पैसे गादीखाली ठेवत, आणि कमी पडले की जमीन आणि गुरे विकून टाकत. हज करून आल्यावर कुटुंब उघड्यावर. अझीझ यांना हेच थांबवायचे होते. काय विकायचे आणि काय विकायचे नाही, हा प्रश्न बचतीच्या इतिहासात किती जुना आहे हे यावरून कळते.

आमच्या घरात या सगळ्यावरचे उत्तर जुनेच होते: भिशी. उर्दू बोलणाऱ्या घरांत तिला ‘बीसी’ म्हणतात, पाकिस्तानात ‘कमेटी’, अरब देशांत ‘जमइय्या’, इंडोनेशियात ‘अरिसान’. जावामधल्या अरिसानसारख्या भिशींवर क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ साली लेख लिहिला, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. आपल्या बायकांचे लक्ष त्याआधीपासून होते. व्याज नाही, कागद नाही. बारा जणी, महिन्याला पाच हजार, ज्या महिन्यात चिठ्ठी निघेल त्या महिन्यात साठ हजार. एखादीने मधेच हप्ता थांबवला तर वसूल करायला दाद मागणार कुठे, हा धोका आहेच. म्हणून भिशीत घेताना पगार पाहत नाहीत, माणूस पाहतात.

मोड आणि भंगार

दुसरा मार्ग म्हणजे घरातले नको असलेले विकणे. आपल्याकडे याला मोठी परंपरा आहे. जुन्या साड्या आणि शर्ट घेऊन स्टीलचे भांडे देणारी बोहारीण आमच्या पिढीने दारात पाहिली आहे. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार ही याच व्यवहाराची मोठी रूपे. आमच्या जिल्ह्यातले मालेगाव तर दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूवर उभे राहिले. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर तिथे हातमागावर साड्या विणत. १९३०च्या दशकात वीज आली आणि मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग मालेगावच्या घराघरांत येऊ लागले. गिरणीचे भंगार विणकराचे भांडवल झाले.

आमच्या वहीतली यादी याहून साधी आहे. स्कूटर १८,०००. लाकडी पलंग ६,५००. लोखंडी कपाट ४,२००. तांब्याचा बंब, मोडीत, ६,६००. शिलाई मशीन ३,४००. मुलाची सायकल १,८००. तीन वर्षांची रद्दी आणि भंगार ५,७००. एकूण ४६,२००.

बंब अम्मीच्या लग्नातला होता. मोडवाल्याने तो तराजूवर ठेवला तेव्हा मी बाहेर गेलो. अम्मी तिथेच बसून राहिली आणि वजन दोनदा करायला लावले.

बाकी पैसे असे आले: भिशीच्या तीन फेऱ्या, १,८०,०००. पोस्टातली आवर्ती ठेव, महिन्याला तीन हजारांप्रमाणे १,०८,०००. ही ठेव पाच वर्षांची असते, ती तीन वर्षांनी बंद केली, तेव्हा बचत खात्याच्या दराने व्याज मिळाले. ते अम्मीच्या सांगण्यावरून वेगळे काढले, घरात वापरले नाही. सुट्टीत उर्दू-मराठी भाषांतराची कामे केली, त्यांचे १५,८००. बेरीज साडेतीन लाख. पुढची रक्कम काही भावाकडून कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी, आणि उरलेली बँकेकडून. सूदचा प्रश्न मी सोडवला असे म्हणणार नाही. कर्जाचा आकडा जितका खाली आणता आला तितका आणला, इतकेच.

वहीत नसलेली नोंद

या लेखासाठी मागच्या महिन्यात मी ती वही पहिल्या पानापासून वाचली. इतिहासाचे कागद वाचताना जे नाही ते शोधावे, असे मी मुलांना नेहमी सांगतो. या वहीत माझा चष्मा दोनदा आहे. मुलाचा एकदा आहे. बायकोचा एकदाही नाही. सुई ओवायला ती मुलीला बोलावते हे मी पाहत होतो, त्याचा अर्थ लावला नव्हता. शिलाई मशीन ‘आता वापरात नाही’ म्हणून विकले होते. ते वापरात का नव्हते, हे मी विचारलेच नव्हते.

“तुझा नंबर शेवटचा कधी तपासला?” मी विचारले.

“घर झाल्यावर बघू,” ती म्हणाली. “आता कशाला रक्कम मोडता?”

काटकसरीचे कौतुक करणारे लेख मीही वाचले आहेत आणि वर्गात वाचून दाखवले आहेत. घरातली काटकसर सगळ्यांची मिळून असते असे त्यांत गृहीत धरलेले असते. आमच्या वहीत तसे नव्हते. ईसार अम्मीचा होता आणि बायकोचा होता, आणि इसारपावतीवर नाव माझे येणार होते.

दुसऱ्या रविवारी आम्ही सकाळच्या एसटीने नाशिकला गेलो. डोळे तपासले, चष्मा केला. २,४०० रुपये. घरमालकांना मी सांगितले की इसार तेवढ्याने कमी आहे, नोंदणीच्या वेळी पुरा करतो. ते हसले आणि म्हणाले, “गुरुजी, चालेल की.”

मागच्या शुक्रवारी इसारपावती झाली. खरेदी घेणार म्हणून तिच्यावर दोन नावे आहेत, पहिले बायकोचे. सही करण्याआधी तिने पावती नव्या चष्म्यातून सगळी वाचली आणि तारखेतली एक चूक दुरुस्त करून घेतली.

वहीत मी चष्म्याची नोंद स्वतःच्या हाताने केली आहे. शिलाई मशीनची ओळ अजून तशीच आहे. घर ताब्यात आल्यावर पहिली खरेदी कोणती, हे त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.