वाळका दुधी आणि मोकळा दिवस

डहाणू रोडला उतरलात तेव्हा तुमच्या खिशात मापाची टेप होती. ती अजूनही आहे. बाकीचं गेलं: रिक्षा, महामार्गाची घरघर, मोबाइलचे मनोरे. साल १९४५, ऑक्टोबरचे पहिले दिवस. तलासरीकडच्या एका वारली पाड्यावर, कुडाच्या घराच्या ओटीवर तुम्ही बसला आहात. समोर भात पिवळं पडू लागलंय. म्हाताऱ्याने चुलीवरच्या माळ्यावरून एक वाळका दुधी काढलाय. धुराने तांबूस काळा पडलेला. तो कानाशी नेऊन हलवतो. आत बिया खुळखुळतात.

त्याला तारपा करायचाय, फुंकून वाजवायचं वाद्य.

जुना तारपा शेजारीच पडलाय. त्याचा दुधी उभा तडकलाय, ताडाच्या पानांचं भोंगं कुरतडलेलं आहे. तुमचा हात आपोआप टेपेकडे जातो. कारण तुम्हाला ठाऊक आहे ते हार्पसिकॉर्ड बांधणाऱ्यांचं. पास्काल तास्कँने १७६९ साली पॅरिसमध्ये घडवलेलं वाद्य एडिनबर्गमध्ये जपून ठेवलंय, आणि त्याची मापं घेऊन किती कारागिरांनी नवी वाद्यं बांधली! जुनं टिकलं म्हणून नवं झालं. इथे तसं नाही. दुधी फुटतो, पान वाळतं. इथे टिकवायचा असतो तो करणारा माणूस.

म्हातारा वीत लावतो, बोटं ठेवतो. कोयत्याने दुधीचं तोंड उघडून बिया काढतो, फुंकायचं भोक पाडतो. मग बांबूच्या दोन नळ्या. तापल्या सळईने भोकं पडताना गोडसर धूर निघतो. सगळ्यात जास्त वेळ लागतो तो बांबूच्या जिभांना, ज्या नळ्यांच्या टोकाला बसून दुधीच्या आत थरथरणार आहेत. तो जुन्या तारप्याची जीभ काढून फुंकतो, मग नवी फुंकतो. नवी चढी बोलते. टोकावर तो मेणाचा मोहरीएवढा ठिपका ठेवतो. पुन्हा फुंकतो. थोडं मेण नखाने काढतो. पुन्हा. आता दोन्ही एक बोलतात. टेप तुम्ही परत खिशात घातली आहे.

एवढा वेळ त्याच्याकडे आला कुठून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परवापरवापर्यंत त्याचा दिवस सावकाराचा होता. लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं लग्नगडी, जन्माचे राबणारे. वर वेठ. या वर्षी २३ मे रोजी झरी गावी हजारो आदिवासी जमले. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने ठरलं: वेठ करायची नाही, बारा आणे रोख रोजी मिळाल्याशिवाय सावकाराच्या शेतात उतरायचं नाही. आज दुपारी हा माणूस जिभेवर मेण लावत बसलाय, आणि त्याला बोलावणं धाडायची कुणाची हिंमत नाही.

तुम्हाला मात्र पुढची तारीख माहीत आहे. १० ऑक्टोबर, तलवाडा, जमलेल्या लोकांवर पोलिसांचा गोळीबार, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा मृत्यू. सांगावंसं वाटतं. शब्द ओठाशी येतात, पण त्याला तुमचा आवाज ऐकू येत नाही.

तो नळ्या दुधीत बसवतो, सांधा मेणाने लिंपतो, ताडाचं पान गुंडाळत गुंडाळत भोंगं लांबवतो. हातभर, दोन हात, आणखी. मग गाल फुगवून फुंकतो. एक श्वास संपायच्या आत दुसरा नाकातून घेतलेला असतो, सूर तुटत नाही. शेजारच्या घरातून दोन पोरी बाहेर येतात, मग त्यांची आई. कमरेभोवती हात गुंफले जातात. तारप्याकडे पाठ होऊ न देता रांग वळू लागते, शंखासारखी आत आत.

शेवटची पोर हात पुढे करते. तुमची जागा तिच्या पलीकडे आहे.