क्रिकेट नेमके दिसते कुठून?

क्रिकेटचा सामना मैदानात जाऊन पाहावा की घरी टीव्हीवर, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर अजूनही रंगतो. मैदानवाले वातावरणाची महती सांगतात. टीव्हीवाले सोयीची बाजू मांडतात: ऊन नको, रांग नको, गर्दीतली धक्काबुक्की नको. मला मात्र हा वाद सोयीचा वाटत नाही, तो जागेचा वाटतो. क्रिकेट नीट दिसेल अशा जागा मैदानात फार थोड्या असतात आणि त्या जागांवर कोणी बसायचे, यालाही एक इतिहास आहे. टीव्हीने तो इतिहास बदलला.

आधी खेळाचे गणित पाहू. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटर. बॅटची रुंदी जास्तीत जास्त सव्वाचार इंच. तिन्ही यष्ट्या मिळून नऊ इंच. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. तेवढ्यात तो हवेत वळतो, टप्पा पडल्यावर आत येतो नाहीतर बाहेर जातो, बॅटची कड घेतो किंवा चुकवतो. खेळाचे मर्म एवढ्याशा जागेत आणि एवढ्याशा वेळात सामावलेले. प्रेक्षक मात्र सीमारेषेच्याही पलीकडे, साठ-ऐंशी मीटरवर. त्यातून तो बाजूच्या पायऱ्यांवर बसला असेल, तर चेंडू किती वळला हे त्याला दिसतच नाही. वळण कळायचे तर चेंडूच्या रेषेत डोळा हवा. तिथे पंच उभा असतो, आणि त्याच्या पाठीमागे, दूरवर, बहुतेक मैदानांवर पॅव्हेलियन असते.

आपल्या कुस्तीचे असे नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात शाहू महाराजांनी अशी रचना करून घेतली की हौद्यातला डाव चारी बाजूंच्या माणसांना दिसावा. क्रिकेटची घडणच वेगळी. इथे चांगली जागा एकाच रेषेत असते आणि ती जागा बहुधा साहेबाच्या वाट्याला जाते.

पुण्याचे बाळू पालवणकर यांची गोष्ट या संदर्भात आठवते. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या क्लबात इंग्रज साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तयार झाला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात सामन्याच्या मधल्या वेळेत त्याला चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. ज्याच्या हातून खेळ घडत होता त्यालाच आत जागा नव्हती. त्या काळी कॅमेरा मैदानापर्यंत पोचला नव्हता, त्यामुळे बाळूंचा चेंडू कसा वळे हे आज कोणी दाखवू शकत नाही. आपल्यापाशी उरले ते बळींचे आकडे आणि समकालीनांची वाखाणणी.

पुढे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना झाला तो बॉम्बे जिमखान्यावर, आणि त्या जिमखान्याचे सभासदत्व तेव्हा हिंदी माणसाला मिळत नव्हते. लाला अमरनाथांनी तिथे ११८ धावा काढल्या. ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले ते १९३७ मध्ये. तेही एका क्लबाचे. सामन्यांच्या तिकिटांत आपला वाटा किती, यावरून तो क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला आणि अखेर संघटनेने हाकेच्या अंतरावर आपले वेगळे वानखेडे स्टेडियम बांधले. जानेवारी १९७५ मध्ये तिथला पहिला कसोटी सामना झाला, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. एका शहरात, इतक्या जवळजवळ दोन भव्य स्टेडियम असण्याचे मूळ कारण खुर्च्यांची वाटणी, हे सांगितले तर बाहेरच्या माणसाला खरे वाटणार नाही.

ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांना पहिला आधार दिला तो रेडिओने. १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे बॉबी तल्यारखान यांनी एकट्याने धावते समालोचन केले. पुढे बाळ ज. पंडितांनी मराठीत ते इतक्या गोडीने रुजवले की स्वयंपाकघरातल्या बायकांनाही कव्हर आणि पॉइंट कुठे असतात ते कळू लागले. मजा अशी की मैदानात बसलेल्यालाही रेडिओ लागत असे. ५ डिसेंबर १९८४ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला. मी सिमेंटच्या पायरीवर, खेळपट्टीला अगदी आडवा बसलो होतो. वेंगसरकरांनी शतक काढले, मग इंग्लंडच्या माइक गॅटिंगनेही. फटके दिसत, चेंडू सीमेकडे धावताना दिसे. पण बळी गेला की आमची सगळी रांग मान वळवून एका गृहस्थाकडे बघे, कारण त्यांच्या कानाला ट्रान्झिस्टर होता. झेल की पायचीत, हे आम्हाला ते सांगत. डोळ्यांसमोरचा खेळ आम्ही शेजाऱ्याच्या कानाने पाहत होतो.

टीव्हीवर कसोटी सामना पहिल्यांदा दिसला तो १९३८ मध्ये, लॉर्ड्सवरून. पण नुसता कॅमेरा आला म्हणून काम भागले नाही. ऑस्ट्रेलियात कितीतरी वर्षे तो मैदानाच्या एकाच टोकाला असे, त्यामुळे एक षटक गोलंदाजाच्या मागून दिसे आणि पुढच्या षटकात फलंदाजाची पाठ. प्रक्षेपणाचे हक्क नाकारले गेले म्हणून चिडलेल्या केरी पॅकर या वाहिनी-मालकाने १९७७ मध्ये जगातले नामांकित खेळाडू फोडून स्वतःचे सामने भरवले. रंगीत कपडे, पांढरा चेंडू, रात्रीचे दिवे यांची चर्चा फार झाली. माझ्या मते त्याच्या वाहिनीने केलेला मोठा बदल साधा होता: दोन्ही टोकांना कॅमेरे. आता प्रत्येक चेंडू पंचाच्या पाठीमागून दिसू लागला. पॅव्हेलियनमधली ती खुर्ची घरोघरी पोचली.

आपल्याकडे ती १९८३ मध्ये आली, असे मी मानतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ चे, पुण्याला त्याचे कार्यक्रम सिंहगडावरून मिळत. २५ जून १९८३, विश्वचषकाची अंतिम लढत. रमजानचा महिना होता. आमच्या मोहल्ल्यात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. सामना चालू असतानाच मगरीब झाली, खजूर हातोहात फिरले. तरावीहहून परतलेली माणसे दारातूनच धावा विचारत होती. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनेही कधी मैदान पाहिले नव्हते. होल्डिंगला मोहिंदर अमरनाथने पायचीत केले आणि सामना संपला, तेव्हा पंचाचे बोट वर जायच्या आधी माझी खाला म्हणाली, "गया!" पायचीत म्हणजे काय हे ती त्या एका दिवसात शिकली होती. पायरीवर बसलेल्याला जन्मभर न दिसणारी गोष्ट तिला उंबऱ्यावरून दिसली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच स्पर्धेत आठवडाभर आधी, १८ जूनला, टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ होती. तिथून कपिलदेवने नाबाद १७५ धावा काढल्या. तिथे कॅमेरा नव्हता, त्यामुळे ती खेळी पाहिली ती फक्त मैदानातल्या लोकांनी. शिवाय कॅमेरा दाखवतो तेवढेच आपण पाहतो. दोन चेंडूंच्या मध्ये कर्णधार हळूच कोणाला कुठे सरकवतो, दुसऱ्या टोकाचा फलंदाज किती थकला आहे, हे आजही मैदानातच कळते.

तरीही फिरकीचे खरे घर पडदाच. ४ जून १९९३ रोजी मँचेस्टरला शेन वॉर्नने गॅटिंगला, पुण्यात शतक काढणाऱ्या त्याच गॅटिंगला, चेंडू टाकला. लेग यष्टीच्या बाहेर टप्पा पडून तो ऑफ यष्टीवर आदळला. आडव्या बाजूच्या प्रेक्षकांना फार तर गॅटिंग चकित उभा असलेला दिसला असेल. चेंडूने केलेली करामत जगाने पाहिली ती संथ गतीच्या पुनर्दर्शनात. बाळू पालवणकरांचे असे किती चेंडू वाऱ्यावर गेले असतील!

पडद्याचा अधिकार मग पंचांनाही मानावा लागला. १४ नोव्हेंबर १९९२ ला डरबनमध्ये सचिन तेंडुलकर हा टीव्हीच्या आधारे धावबाद ठरलेला पहिला फलंदाज झाला. २००१ मध्ये चेंडूचा मार्ग रेखाटणारी हॉक-आय यंत्रणा आली, २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत पंचांच्या निर्णयावर दाद मागायची सोय झाली. भारतीय मंडळाने ती पद्धत पुढे २०१६ पर्यंत टाळली, हा भाग निराळा.

आता मुद्द्यावर येतो. ही खुर्ची कोणाची, हा वाद १९९३ च्या हिरो कपच्या वेळी न्यायालयात गेला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला प्रक्षेपणाचे हक्क दिले आणि सरकारशी तंटा झाला. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सरकारची मक्तेदारी त्याने सैल झाली, खासगी वाहिन्या आल्या, कॅमेरे वाढले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसार भारतीला देणे खासगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. मात्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरते मर्यादित केले.

म्हणजे खेळ जितका स्पष्ट दिसू लागला, तितकी त्या दिसण्याची किंमतही ठरू लागली. आज बहुतेक सामने वर्गणी भरणाऱ्याला दिसतात. क्लबाच्या दारावर पूर्वी सभासदांची यादी असे, आता तिथे पैसे भरल्याची खूण लागते. टीव्हीवर क्रिकेट मैदानापेक्षा चांगले दिसते, याबद्दल मला शंका नाही. पण ते उंबऱ्यावर बसणारीलाही दिसत होते, म्हणून मला त्या पडद्याचे अप्रूप. वर्गणी भरायची ऐपत नसलेल्याला पुन्हा शेजाऱ्याच्या कानाला लावलेल्या ट्रान्झिस्टरकडे वळावे लागणार असेल, तर इतके कॅमेरे लावून आपण मिळवले काय, याचा विचार व्हायला हवा.