शेल शॉक

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) आघाडीवरील सैनिकांना जडलेल्या विकारांचे नाव. अंगावर जखम नाही, पण वाचा गेलेली, दृष्टी गेलेली, पाय लुळे पडलेले. कुणाचे सर्वांग थरथरते, तर कुणी झोपेतून ओरडत उठतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असे तीन रुग्ण नोंदवले. तिघांच्याही जवळ तोफगोळे फुटले होते. स्मृती, दृष्टी, गंध व चव यांवर परिणाम झाला होता. श्रवणशक्ती मात्र जवळपास शाबूत होती. एवढ्या स्फोटानंतर कानच वाचावेत, हे केवळ शारीरिक इजेने उलगडणारे नव्हते.

तरी सुरुवातीला कारण शरीरातच शोधले गेले. स्फोटाचा दाब आणि कार्बन मोनॉक्साइड वायू यांनी मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी, असे ब्रिटिश डॉक्टर फ्रेडरिक मॉट यांचे मत होते. पण स्फोटाच्या आसपासही नसलेले शिपाई तीच लक्षणे घेऊन येऊ लागले. लष्कराने मग रुग्णांचे ‘जखमी’ आणि ‘आजारी’ असे दोन गट पाडले. विकार शत्रूच्या गोळ्यामुळे जडला असेल, तर जखमेची मानाची पट्टी आणि निवृत्तिवेतन; नुसताच धीर खचला असेल, तर दोन्ही नाही. यातना तीच, पण तिची किंमत कारकुनाच्या शेऱ्यावर ठरू लागली.

या विकाराचे सर्वांत लक्षणीय अंग म्हणजे हुद्द्यानुसार बदलणारे त्याचे रूप. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार करणारे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ते बारकाईने टिपले. (नीलगिरीतील तोडा लोकांवरील १९०६ च्या ग्रंथाचे लेखक ते हेच.) साध्या शिपायाची वाचा जाई, हातपाय निकामी होत, अधिकाऱ्याला मात्र चिंता, निद्रानाश, दुःस्वप्ने, फार तर तोतरेपणा. रिव्हर्स यांच्या मते शिपायाची पांगळी अवस्था त्याला खंदकातून सोडवणारी होती. अधिकाऱ्यावर माणसांची जबाबदारी असे आणि भीती गिळण्याचे वळण त्याला शाळेपासूनच लागलेले असे. त्यामुळे त्याचा झगडा आतल्या आत चाले. शिपायाचे मन साधे, हे त्यांचे गृहीतक उघडच वर्गीय पूर्वग्रहाचे आहे. शिवाय निदान करणारे डॉक्टर अधिकाऱ्यांच्याच वर्गातले, तेव्हा हा फरक काही अंशी त्यांच्या नजरेतलाही असणार. पण भीती बोलून दाखवायची सोय ज्याला नाही, त्याची वाचाच जावी, हे निरीक्षण सहज झटकून टाकता येत नाही.

उपचारही सारखे नव्हते. रिव्हर्स रुग्णाला बोलते करीत. आठवणी दडपून विसरायला लावणे घातक, असे त्यांनी १९१७ च्या अखेरीस एका व्याख्यानात मांडले. कवी सिगफ्रीड ससून हे त्यांचे रुग्ण. लंडनमध्ये डॉक्टर लुईस येलंड मात्र मुक्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलायला लावीत.

युद्धाच्या शेवटापर्यंत ब्रिटिश सैन्यात सुमारे ८०,००० रुग्णांची नोंद झाली. १९२२ मध्ये सरकारी चौकशी समितीने ‘शेल शॉक’ हे नावच वापरातून काढण्याची शिफारस केली. आघातोत्तर तणाव विकृती (पीटीएसडी) हे स्वतंत्र निदान अमेरिकी मनोविकार नियमावलीत १९८० साली आले, ते व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे.

पहिल्या महायुद्धातील काही रुग्णांच्या वाट्याला मात्र रुग्णालयाऐवजी लष्करी न्यायालय आले. हॅरी फार हा शिपाई १९१५ मध्ये शेल शॉकमुळे पाच महिने रुग्णालयात होता. पुढच्याच वर्षी त्याने आघाडीवर जायला नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये भित्रेपणाच्या आरोपावरून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. भित्रेपणा, पलायन अशा गुन्ह्यांसाठी मृत्युदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश संसदेने २००६ च्या कायद्याने माफी दिली. या माफीने मूळ दोषसिद्धी वा शिक्षा रद्द होत नाही, असे त्याच कायद्यात नमूद आहे.