सात वेढ्यांची वाट

नोकरीनिमित्त बंगळुरास आलेल्या महाराष्ट्रीयास हे शहर अगदीच परके वाटत नाही. १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, एवढे स्मरण पुरेसे होते. शिवाय येथे उद्याने आहेत. लालबाग हैदर अलीने १७६० मध्ये आरंभिली व टिपूने वाढविली. कब्बन उद्यान १८७० चे. त्यांतून हिंडताना मात्र वारंवार मनात येते की, या साऱ्या वाटा कोठेतरी पोचविण्यासाठी आखलेल्या आहेत. केवळ चालण्यासाठीच काढलेली वाट यांत कोठे आहे?

अशा वाटेची परंपरा याच भूमीत आहे. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावरील भारतकथेच्या शिल्पपट्टात अभिमन्यूचा चक्रव्यूह कोरला आहे, तो वेढ्यांच्या वाटेच्या रूपात. बंगळुराच्या दक्षिणेस, कृष्णगिरी जिल्ह्यातील बैरेगौनी येथे माळावर दगड मांडून केलेली तशीच वर्तुळाकार वाट आहे. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बोरामणीच्या माळरानावर, पंधरा वेढ्यांची दगडी रचना अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रकाशात आणली. कानडी मुलुखात 'एळु सुत्तिन कोटे', म्हणजे सात वेढ्यांचा कोट, असा शब्दप्रयोग आहे.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. लखनौच्या इमामबाड्यातील भुलभुलैयात वाटा फुटतात आणि मनुष्य चुकतो. या वेढ्यांत वाट एकच. चुकण्यास जागाच नाही. मग ज्या व्यूहातून अभिमन्यूस परतता आले नाही, त्यासाठी शिल्पकाराने हीच आकृती का निवडली? मला वाटते, गुंतागुंतीचा वेढा म्हटला की लोकांच्या हातात जी आकृती होती, तीच त्याने उचलली.

सात वेढ्यांची जी आकृती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवरही प्राचीन काळापासून आढळते, तिची आखणी सोपी आहे. एक अधिकचे चिन्ह, चार कोन आणि चार ठिपके मांडून त्यांची टोके क्रमाने कमानींनी जोडीत जावे. चालणारा बाहेरून तिसऱ्या वेढ्यात शिरतो, मग दुसऱ्यात, पहिल्यात. तेथून चौथ्यात आणि एकदम सातव्यात. मध्य हाताशी आला असे वाटते तोच वाट सहाव्या व पाचव्या वेढ्याकडे मागे फिरते, आणि तेथून मध्यावर नेते. दोन फूट रुंदीची वाट धरली तर तीस-बत्तीस फूट व्यासाच्या जागेत तीनशे फुटांहून अधिक चाल होते. लागतात ते दगड आणि दोरी. कारंज्याचा खर्च नाही, कुंपणाचा नाही.

माळावरील दगड मात्र टिकतीलच असे नाही. कोणी बांधास नेतो, कोणी नांगराआड येतात म्हणून बाजूस टाकतो. एक वेढा मोडला की उरलेल्यांचा अर्थ लागत नाही. बोरामणीच्या आकृतीचे माप घेऊन तशीच वाट सोलापुरातल्या एखाद्या बागेत आणि दुसरी येथे लालबागेत आखली, तर संध्याकाळी फिरावयास येणारे पेन्शनर आणि शाळेतून सुटलेली पोरे तिच्यावरून एकाच वेळी चालतील. वाट अरुंद आहे. समोरून परतणाऱ्यास पाय जरा बाजूस घ्यावा लागेल.