पूर्वौषधे, कर्करोगावरील
जे संयुग स्वतः निष्क्रिय किंवा अल्पक्रिय असते, पण शरीरातील एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) क्रियेने ज्याचे सक्रिय औषधात रूपांतर होते, त्यास ‘पूर्वौषध’ किंवा ‘प्रोड्रग’ म्हणतात. ही संज्ञा एड्रिएन ॲल्बर्ट यांनी १९५८ मध्ये प्रचारात आणली. कर्करोगाच्या कोशिकांना (पेशींना) आवश्यक असलेले एखादे एंझाइम निकामी करणारा पदार्थ शक्यतो त्या कोशिकांतच तयार व्हावा, हा अशा औषधांचा हेतू असतो. फ्ल्युओरोयुरॅसिल व त्याची पूर्वौषधे यांच्या इतिहासात या कल्पनेचे सामर्थ्य व मर्यादा ही दोन्ही दिसून येतात.

उंदरांच्या यकृतातील अर्बुदे (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीने होणाऱ्या गाठी) निरोगी यकृतापेक्षा युरॅसिल अधिक प्रमाणात वापरतात, असे १९५४ मध्ये आढळून आले. त्यावरून विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर यांनी युरॅसिलाच्या रेणूत पाचव्या स्थानी हायड्रोजनाऐवजी फ्ल्युओरीन अणू असलेले संयुग सुचविले. रॉबर्ट दुशिन्स्की यांनी त्याचे संश्लेषण केले व १९५७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कोशिकेत त्याचे एका फॉस्फेटयुक्त संयुगात रूपांतर होते. हे संयुग थायमिडिलेट सिंथेज या एंझाइमास घट्ट चिकटून बसते. फ्ल्युओरीन अणू काढून टाकता येत नसल्याने एंझाइम अडकून पडते, डीएनएसाठी लागणाऱ्या थायमिडिलेटाचा पुरवठा थांबतो व कोशिकाविभाजन खुंटते. हे फॉस्फेटयुक्त संयुग विद्युत् भारित असल्याने कोशिकापटलातून सहज आत शिरत नाही. या दृष्टीने फ्ल्युओरोयुरॅसिल हेही एक पूर्वौषधच होय.

तथापि शरीरात गेलेल्या फ्ल्युओरोयुरॅसिलापैकी ८० टक्क्यांहून अधिक भागाचे डायहायड्रोपिरिमिडीन डीहायड्रोजनेज हे एंझाइम मुख्यत्वे यकृतात विघटन करते. तोंडाने दिल्यास त्याचे शोषण अनियमित होते, म्हणून ते शिरेतून द्यावे लागते. ही अडचण दूर करण्यासाठी लॅटव्हियातील रीगा येथे सॉलोमन हिलर यांनी १९६७ मध्ये टेगाफूर हे संयुग तयार केले. ते पोटात घेता येते व त्यापासून फ्ल्युओरोयुरॅसिल हळूहळू मुक्त होते. परंतु ते मुख्यतः यकृतात मुक्त होत असल्याने अर्बुदापुरता परिणाम साधत नाही.

पुढील प्रगती मुख्यतः जपानमध्ये झाली. थायमिडीन फॉस्फोरिलेज हे एंझाइम अनेक अर्बुदांत निरोगी ऊतकांपेक्षा अधिक असते. त्याच्या क्रियेने सक्रिय होणारे डॉक्सिफ्ल्युरिडीन तेथे वापरात आले. पण हेच एंझाइम आतड्यातही असल्याने रुग्णांस अतिसार होई. त्यावर उपाय म्हणून तीन टप्प्यांनी उलगडणारे कॅपेसिटॅबीन तयार करण्यात आले. ते आतड्यातून न बदलता शोषले जाते. पहिला टप्पा यकृतात, दुसरा यकृतात व अर्बुदात आणि शेवटचा थायमिडीन फॉस्फोरिलेजामुळे विशेषकरून अर्बुदात पार पडतो. अमेरिकेत १९९८ मध्ये स्तनाच्या प्रगत कर्करोगासाठी व २००१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. हातापायांच्या तळव्यांचा दाह हा त्याचा नेहमीचा उपद्रव आहे.

सक्रिय औषध कोठे तयार होते याइतकेच ते नष्ट कसे होते यालाही महत्त्व आहे, हे १९९३ मध्ये जपानमधील दुर्घटनेने दाखवून दिले. नागिणीवर देण्यात येणाऱ्या सोरिव्ह्यूडीन या नव्या औषधापासून आतड्यातील जंतू ब्रोमोव्हिनिलयुरॅसिल तयार करीत. त्यामुळे फ्ल्युओरोयुरॅसिलाचे विघटन करणारे एंझाइम कायमचे निकामी होई. त्याच वेळी फ्ल्युओरोयुरॅसिलाची पूर्वौषधे घेत असलेले किमान १५ रुग्ण विषबाधेने मरण पावले. दुसरीकडे, त्याच एंझाइमाच्या नियंत्रित निरोधाचा उपयोगही करून घेण्यात आला. टेगाफुराबरोबर जिमेरॅसिल हा निरोधक व आतड्याचे रक्षण करणारे ओटेरॅसिल असलेल्या ‘एस-१’ या मिश्रणास जपानमध्ये १९९९ साली मान्यता मिळाली.

काही व्यक्तींत हे एंझाइम जन्मतःच अपुरे असते व नेहमीची मात्राही त्यांस प्राणघातक ठरू शकते. म्हणून उपचारापूर्वी त्याची तपासणी करावी, अशी शिफारस युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये केली.