'मोअर बेटर' चूक कधीपासून?

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत 'मोअर बेटर' दिसले, की शिक्षकांचे लाल पेन आपोआप चालते. मुलाने कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. 'बेटर' म्हणजेच 'अधिक चांगले', मग त्याला पुन्हा 'अधिक' कसे लावणार? ते तर्काला धरून नाही. चूक दाखवणे योग्यच. पण हे कारण खरे आहे का? त्यासाठी इंग्रजीच्या इतिहासात थोडे मागे जायला हवे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तुलना दाखवण्याची नेहमीची रीत होती विशेषणाला प्रत्यय जोडण्याची. 'स्ट्राँगर', 'स्ट्राँगेस्ट' यांतील '-अर' आणि '-एस्ट' ही त्याच प्रत्ययांची आजची रूपे. तेराव्या शतकापासून विशेषणाआधी 'मोअर' व 'मोस्ट' हे वेगळे शब्द ठेवण्याची दुसरी रीत रुळू लागली. दोन्ही रिती शेजारी नांदू लागल्यावर जोर देण्यासाठी लोक त्या एकत्रही वापरू लागले. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' आणि 'टेम्पेस्ट' या नाटकांत अशी दुहेरी रूपे आहेत. त्या काळी ती अडाणीपणाची खूण नव्हती.

अठराव्या शतकात चित्र पालटले. १७६२ साली रॉबर्ट लाउथ या धर्मपंडिताचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याने दुहेरी तुलना अयोग्य ठरवली आणि त्यासाठी शेक्सपिअरलाही सोडले नाही. गंमत म्हणजे बायबलमधील स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरात ईश्वराला उद्देशून 'मोस्ट हायेस्ट' असे म्हटले आहे, ते मात्र त्याने उचित मानले. ईश्वर सर्वोच्चाहूनही उच्च, म्हणून! पुढे लिंडले मरे याने १७९५ साली आपल्या व्याकरणात लाउथचे पुष्कळसे नियम घेतले. हे पुस्तक शाळाशाळांतून पोहोचले आणि एका विद्वानाचे मत मुलांसाठी कायदा बनले.

याच काळात वेगळा सूर लावणारा एक व्याकरणकार होता. त्याचे नाव विज्ञानशिक्षकांना चांगलेच परिचित आहे, जोसेफ प्रिस्टले. १७७४ साली ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या प्रिस्टलेने त्याआधी, १७६१ साली, इंग्रजीचे व्याकरण लिहिले होते. भाषेचा निवाडा शेवटी बोलणाऱ्यांच्या वहिवाटीनेच व्हावा, अशी त्याची भूमिका होती.

वहिवाटीचे बळ किती असते, पाहा. 'लेस' हे मुळातच तुलनेचे रूप. त्याला आणखी '-अर' लागून 'लेस्सर' झाले. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशात त्याला रानटी अपभ्रंश म्हटले. तरी तो शब्द टिकला. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या लहान रोहित पक्ष्याला पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत 'लेस्सर फ्लेमिंगो' म्हणतात आणि कोणी त्याखाली लाल रेघ ओढत नाही. 'निअर' हेही मुळात 'नाय' या शब्दाचे तुलनारूप, म्हणजे 'अधिक जवळ'. मग 'निअरर'मध्ये तुलना दोनदा झाली. पण 'निअर'चा मूळ अर्थ लोक विसरले आणि 'निअरर' शुद्ध ठरले.

आपल्याकडेही तेच झाले आहे. संस्कृतात 'श्रेष्ठ' म्हणजेच 'सर्वांत उत्तम'. त्यातील '-इष्ठ' आणि इंग्रजीतील '-एस्ट' हे एकाच पूर्वज भाषेतून आलेले सख्खे भाऊ. तरीही आपण 'श्रेष्ठतम' म्हणतो, 'सर्वांत ज्येष्ठ' म्हणतो, आणि कोणाचा घोटाळा होत नाही.

मग वर्गात काय करावे? 'मोअर बेटर' चूकच द्यावी. आजच्या प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही आणि परीक्षेत गुण जातात, हे मुलांना कळलेच पाहिजे. पण कारण खरे सांगावे. रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवणे हा संकेत आहे, दगड खाली पडणे हा निसर्गनियम आहे. दोन्ही पाळावे लागतात, पण संकेत कोणी, कधी आणि का ठरवला हे विचारता येते. व्याकरणाचा हा नियम पहिल्या जातीचा आहे. तो तर्काच्या नावावर खपवला, तर 'लेस्सर'बद्दल विचारणाऱ्या चौकस मुलीला आपल्याजवळ उत्तर उरत नाही.