चौदा हजार, पंधरा हजार

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीत उतरायला येणारे कझाक विमान हरियाणातल्या चरखी दादरीवर एकमेकांना धडकले. ३४९ माणसे गेली. सौदी विमानात रोजीरोटीसाठी निघालेले आपल्या देशातले कितीतरी मजूर होते.

नियंत्रकाने सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, कझाक विमानाला १५ हजारांवर. समोरून विमान येतेय, हेही कळवले होते. पण कझाक विमानात रेडिओवर इंग्रजी बोलणारा वेगळा, विमान चालवणारे वेगळे. बोलणाऱ्यासमोर उंचीचा काटाच नव्हता. त्याने होकार दिला, विमान मात्र खाली येत राहिले.

लाहोटी आयोगाने कझाक वैमानिकांना दोषी धरले. ते मान्यच आहे. पण मला दिल्लीचे रडार खटकते. त्यावर उंची दिसत नसे. वैमानिक तोंडी सांगेल तीच खरी. शिवाय येण्याजाण्याची हवाई वाटही एकच होती.